दोराची चव

ओव्हनचा काटा खोटं बोलतो.
एकशे दहावर ठेवला की एकशे तीसवर जातो,
म्हणून ग्राझहून मुलानं थर्मामीटर पाठवला,
सोबत चिठ्ठी: आई, घाई करू नकोस.
घाई कोण करतंय?

हेम्पची बोंडं हातानं चुरली,
ट्रेमध्ये कागद, कागदावर हिरवट चुरा, वर फॉइल.
पाऊण तास.
विसाव्या मिनिटाला वास जिना चढून माळ्यावर पोचला,
ओल्या बोकडाचा, पाइनच्या चिकाचा,
आणि शेजारची इर्मा दारात:
"गिझेला, काय जाळलंस गं?"
"औषध करतेय."
"कुणासाठी?"
जसं काही तिला माहीतच नाही.

भांगेच्याच कुळातलं झाड,
पण हे वाण डोक्यात चढत नाही.
डोक्यात चढायला आमच्याकडे आलुबुखाराची दारू आहे,
व्हेंडेल स्वतः गाळतो.
अर्काला तीच घे म्हणाला.
म्हटलं, तुझी दारू पन्नास टक्क्यांचीही नाही,
सत्तरची ती फक्त तुझ्या बढाईत होते.
शेवटी फार्मसीतून मद्यार्क आणला,
झाकण उघडताच डोळ्यांत पाणी.

माझी आई हेच झाड
मुरा नदीच्या काठी खड्ड्यात कुजवायची.
आठवडाभर पाण्यात, वर दगड.
मग वाळवायचं, कुटायचं, लोखंडी दात्यांवर विंचरायचं.
कोपरापर्यंत तो वास,
त्याच हातांनी आमच्या वेण्या.
बोंडं ती कोंबड्यांपुढे टाकायची.
तिला हवी होती काडी, काडीतला धागा.
धाग्याची पोती, उशांचे अभ्रे, बैलांचे कासरे,
आणि एका हिवाळ्यात सगळ्या गावानं मिळून
चर्चच्या घंटेचा दोर.

त्या दोराला व्हेंडेल एकेचाळीस वर्षं लोंबकळला.
दुपारी, संध्याकाळी,
कुणी गेलं तर भर रात्री,
आणि गारांचे ढग आले की ढगांना हाकलायला.
मग मोटर बसवली.
पाद्रीबाबांनी दोराचं वेटोळं याच्या हातात दिलं,
एक केक दिला.
दोर गोठ्यात खुंटीवर आहे.
खांदा घरात.

बरणीत चुरा, चुऱ्यावर बोटभर मद्यार्क,
कपाटात, अंधारात, तीन आठवडे.
रोज हलवायची असते.
मी विसरते.
तो विसरत नाही.
तिकडे बाराला मोटर घंटा वाजवते
आणि इकडे हा बरणी दोन्ही हातांत धरून
वर-खाली, वर-खाली,
तीन, थांबून तीन, थांबून पुन्हा तीन.
उजवा खांदा कटकट वाजतो.
अरे, ज्याच्यासाठी औषध, त्यालाच राबवतोस?
दे इकडे.
देत नाही. ओठांत मोजत असतो.

गाळायला आईच्या विणीचा अभ्रा फाडला.
फाडताना हात थबकला, खोटं कशाला सांगू,
पण बाजारचं फडकं गाळ अडवत नाही.
पिळलं. शेवाळासारखं काळपट हिरवं उतरलं,
चार तपकिरी बाटल्या आणि थोडं टेबलावर.
चिठ्ठ्यांवर तारीख घातली.
तारखेखाली काय लिहावं सुचेना.
गुण येईल असं कसं लिहू?
लिहिलं: खांदा.

पहिल्या रात्री जिभेखाली पाच थेंब.
तोंड वाकडं करून तो बराच वेळ बसून राहिला.
"काय रे?"
"दोर," म्हणाला.
कडाक्याच्या थंडीत बोटं वळायची नाहीत तेव्हा
दोराचं टोक दातांत धरून गाठ मारायचा,
त्याची चव.
हे मला ठाऊकच नव्हतं.
इतक्या वर्षांत एकदाही बोलला नव्हता.

खांदा आहे तसाच आहे.
झोप मात्र लागते म्हणतो,
किंवा लागल्याचं सोंग करतो,
माझा तो अभ्रा फाटला म्हणून.

दुसरी बरणी कालच लावली.
बाराला सात मिनिटं कमी आहेत
आणि तो खुर्चीतून उठलाय.